दाबाच्या हवेचा उपचार: वॉर्डापासून घरापर्यंत

थंडी पडू लागली की धाप लागलेली म्हातारी माणसं जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत येऊ लागतात. १९५६ साली सुरू झालेलं हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय म्हणजे मराठवाड्यातल्या गरीब रुग्णाचा मोठा आधार. यातल्या अनेकांच्या केसपेपरवर 'सीओपीडी' लिहिलेलं असतं. घरी त्याला दमाच म्हणतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत गेला असेल, तर तोंडा-नाकावर घट्ट मास्क बसवून दाबाने हवा देणारं बायपॅप यंत्र लावतात. ज्याला हा उपचार लागू पडतो त्याची गुंगी काही तासांत उतरू लागते आणि तो नातेवाइकांना ओळखतो. काही दिवसांनी सुट्टी होते. हातात पंप आणि गोळ्या असतात, जमलं तर घरी ऑक्सिजनची सोय होते. त्यानंतर मात्र त्याच्या रक्तातले वायू पुन्हा मोजले जातील, तो झोपेत कसा श्वास घेतो हे कुणी पाहील, याची खात्री नसते.

श्वासमार्गात दाबाची हवा देण्याच्या उपचाराचा आढावा घ्यायचा तर या सुट्टीच्या दिवसापासून पुढे पाहायला हवं. वॉर्डातला हा उपचार आता पक्का झाला आहे. घरातला अजून नीट उभा राहिलेला नाही, आणि त्याला यंत्रापेक्षा मोजणीची आणि पाठपुराव्याची उणीव जास्त भोवते आहे.

दोन आजार, एकच रात्र

सीओपीडीसोबत दाबाची हवा लागणारा दुसरा आजार स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडणं. घशाच्या ज्या भागातून हवा जाते त्याला हाडाचा आधार नाही. तो स्नायूंच्या ताणावर उघडा राहतो. झोपेत ताण सुटतो आणि जाड मान, लहान जबडा किंवा मोठे टॉन्सिल असतील तर वाट मिटते. छाती हलत राहते, हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो, मोठा घोरका येऊन श्वास सुटतो आणि पुन्हा तेच. तासाला अशा अडथळ्यांची संख्या ५ ते १५ असेल तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र धरतात. माणसाला रात्रीचं काही आठवत नाही. सकाळी डोकं जड असतं, दुपारी डुलक्या येतात, रक्तदाब औषधांना दाद देत नाही.

सीओपीडीत अडचण खाली, फुप्फुसात असते. बारीक श्वासनलिका अरुंद होतात, हवा आत जाते पण पूर्ण बाहेर येत नाही. फुगलेल्या फुप्फुसांखाली श्वासपटल सपाट होतं आणि त्याची ताकद घटते. दिवसा मान आणि बरगड्यांचे स्नायू त्याला हात देतात. स्वप्नांच्या झोपेत मात्र शरीराचे बहुतेक स्नायू सैल पडतात आणि सगळा भार त्या थकलेल्या श्वासपटलावर येतो. म्हणून दिवसा ठीक दिसणाऱ्या रुग्णाचाही ऑक्सिजन रात्री उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड चढतो.

हे दोन्ही आजार एकाच माणसाला असतील तर घसा वरून अडवतो आणि फुप्फुस खालून. निरोगी फुप्फुसाचा माणूस अडथळा सुटल्यावर चार मोठे श्वास घेऊन तूट भरून काढतो. सीओपीडीच्या रुग्णाला तेही साधत नाही. एडिंबरोचे छातीतज्ज्ञ डेव्हिड फ्लेन्ली यांनी १९८५ मध्ये या जोडीला 'ओव्हरलॅप सिंड्रोम' म्हटलं. जोडी धोक्याची आहे, कारण फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांवरचा दाब आणि हृदयाच्या उजव्या बाजूवरचा ताण तिच्यात लवकर वाढतो. पायावर सूज घेऊन आलेला, लठ्ठ, घोरणारा, वर्षानुवर्षं बिडी ओढणारा रुग्ण दिसला की दोन्ही आजार शोधायला हवेत.

उपचार कसा घडत गेला

१९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेत नळी घालून हाताने हवा देण्याची पद्धत वापरली आणि आधुनिक अतिदक्षता विभागाचा पाया पडला. पुढची काही दशकं दाबाने हवा द्यायची म्हणजे घशात नळी घालायची, असंच समीकरण होतं. ते सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी मोडलं. १९८१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं की नाकावरच्या मास्कमधून सतत थोड्या दाबाने हवा दिली, तर झोपेत मिटणारा घसा उघडा राहतो. हवेनेच आतून दिलेला हा टेकू म्हणजे सीपॅप. यंत्राचा दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवता येतो.

बायपॅप ही पुढची पायरी. त्यात श्वास घेताना दाब जास्त असतो आणि सोडताना कमी. खालचा दाब घसा उघडा ठेवतो. वरचा आणि खालचा यांतला फरक प्रत्येक श्वासात जास्त हवा आत ढकलतो, त्यामुळे साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि स्नायूंना विसावा मिळतो. निवडीचा नियम यातूनच येतो. अडचण फक्त घशाची असेल तर सीपॅप बहुधा पुरतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असेल तर बायपॅपचा विचार करावा लागतो. दुकानदाराने सांगितलं म्हणून 'भारी' यंत्र घेण्यात अर्थ नाही. साध्या स्लीप अॅप्नियात बायपॅप नेहमी जास्त उपयोगी पडतं असं नाही, आणि कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या सीओपीडीत नुसतं सीपॅप अपुरं पडू शकतं.

पुरावा कुठे भक्कम, कुठे डळमळीत

सर्वांत भक्कम पुरावा वॉर्डातल्या बायपॅपचा आहे. लॉरां ब्रोशार आणि सहकाऱ्यांच्या १९९५ च्या अभ्यासात ८५ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारात ७४ टक्के रुग्णांना घशात नळी घालावी लागली, मास्कच्या उपचारात २६ टक्क्यांना. मृत्यूचं प्रमाण २९ वरून ९ टक्क्यांवर आलं. ब्रिटनमधल्या २००० सालच्या अभ्यासाने आणखी मोलाचं काही दाखवलं. २३६ रुग्णांपैकी एका गटाला अतिदक्षता विभागात न नेता साध्या वॉर्डात, शिकवून तयार केलेल्या परिचारिकांच्या देखरेखीखाली हा उपचार दिला, तरी रुग्णालयातलं मृत्यूचं प्रमाण २० वरून १० टक्क्यांवर आलं. अतिदक्षता विभागाच्या खाटा कायम कमी पडणाऱ्या आपल्या रुग्णालयांसाठी याहून उपयोगी निष्कर्ष शोधून सापडणार नाही. शिकलेली परिचारिका हाच या उपचाराचा खरा खर्च आहे.

घरी बायपॅप देण्याचा पुरावा बारकाईने वाचावा लागतो. २०१४ मध्ये दोन अभ्यास आले आणि ते एकमेकांच्या विरुद्ध वाटले. नेदरलँड्समध्ये २०१ रुग्णांपैकी एका गटाला तीव्र झटक्यानंतर लगेच घरी बायपॅप दिलं, फायदा दिसला नाही. जर्मनी-ऑस्ट्रियात आजार स्थिरावलेल्या १९५ रुग्णांपैकी एका गटाला दिलं आणि कार्बन डायऑक्साइड ठोसपणे खाली येईपर्यंत दाब वाढवत नेला. वर्षभरातले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. कोडं २०१७ च्या ब्रिटिश अभ्यासाने सोडवलं. त्यात झटका ओसरल्यावर दोन ते चार आठवडे थांबून पुन्हा रक्त तपासलं आणि कार्बन डायऑक्साइड तरीही पाऱ्याच्या ५३ मिलिमीटरच्या वर राहिला अशाच ११६ रुग्णांना निवडलं. नुसत्या घरगुती ऑक्सिजनवर असलेल्यांत पुन्हा दाखल होण्याची किंवा मृत्यूची वेळ मध्यक १.४ महिन्यांत आली. ऑक्सिजनसोबत बायपॅप असलेल्यांत ४.३ महिन्यांत. बऱ्याच रुग्णांचा कार्बन डायऑक्साइड काही आठवड्यांत आपोआप उतरतो, त्यांना यंत्राची गरज नसते. ज्यांचा उतरत नाही त्यांना ती नक्की असते. या दोघांत फरक करणारी गोष्ट म्हणजे सुट्टीनंतरची ती एक रक्ततपासणी.

स्लीप अॅप्नियात सीपॅपमुळे दिवसाची झोप उडते, जगणं सुधारतं, रक्तदाब थोडा उतरतो, याबद्दल शंका नाही. हृदयविकार आणि पक्षाघात टळतो का, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. भारतासह सात देशांतल्या २,७१७ रुग्णांच्या 'सेव्ह' अभ्यासात, २०१६ मध्ये, असा फायदा दिसला नाही. पण तिथे रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरलं होतं. अर्धी रात्र घेतलेल्या उपचारावरून पूर्ण उपचाराचा निवाडा करता येत नाही. आणि लोक यंत्र अर्धी रात्रच वापरतात, हाही निष्कर्षच आहे. ओव्हरलॅपच्या रुग्णांबाबत स्पेनमधल्या होझे मारिन यांच्या २०१० च्या निरीक्षणात सीपॅप न वापरणाऱ्यांचे मृत्यू जास्त आणि वापरणाऱ्यांचे साध्या सीओपीडीइतके आढळले. तो चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग नव्हता, म्हणून त्याचं वजन थोडं कमी. दिशा मात्र स्पष्ट आहे.

आपल्याकडचे रुग्ण

जागतिक रोगभार अभ्यासानुसार २०१६ मध्ये भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते. जगाच्या १८ टक्के लोकसंख्येच्या या देशावर जुनाट श्वसनविकारांचा ३२ टक्के भार होता. हा आजार विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच, ही समजूत पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मधल्या लेखातून खोडली. जगातल्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधी धूम्रपान केलेलंच नसतं, असा तिथला अंदाज आहे. मराठवाड्यात हे वेगळं समजावून सांगायला नको. इथल्या बाया पिढ्यान् पिढ्या पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांच्या धुरात भाकरी भाजत आल्या. उज्ज्वला योजनेने २०१६ नंतर सिलिंडर घरात आला, पण भरलेला सिलिंडर महाग पडतो तिथे चूल विझत नाही. त्यात जुन्या क्षयाने चट्टे पडलेली फुप्फुसं आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही तिन्ही शहरं केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आहेत.

स्लीप अॅप्नियाचं चित्र शहरातून आधी पुढे आलं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मध्यमवयीन ६५८ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली, १९.५ टक्क्यांच्या श्वासात झोपेत अडथळे होते आणि ७.५ टक्के दिवसाही पेंगत होते. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये देशभरचे अभ्यास एकत्र करून १० कोटींहून अधिक भारतीयांना हा आजार असल्याचा अंदाज मांडला. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत पाळ्यांनी राबणारे कामगार आणि ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर रात्रभर गाडी हाकणारे चालक यांच्यासाठी दिवसाची डुलकी जिवावरची गोष्ट आहे. तरी घोरणं म्हणजे गाढ झोप, हा समज घराघरांत टिकून आहे. नवऱ्याचा श्वास रात्री थांबतो हे बायकोने पाहिलेलं असतं, पण डॉक्टरांनी तिला विचारलेलं नसतं.

घरी यंत्र नेल्यावर

कोविडनंतर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि बायपॅप ही नावं तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. त्यांच्यासोबत एक धोका घरात आला. बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ९८ दिसावा म्हणून घरची माणसं ऑक्सिजन वाढवतात. कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या सीओपीडीत जास्तीचा ऑक्सिजन फुप्फुसातलं रक्त हवा न पोहोचणाऱ्या भागांकडे वळवतो आणि श्वासाची ओढही मंदावते. आकडा चांगला दिसत असताना रुग्ण गुंगीत जातो. टास्मानियात ४०५ रुग्णांवर झालेल्या २०१० च्या प्रयोगात, रुग्णवाहिकेतच ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांच्या बेताने दिल्यावर मृत्यू ९ वरून ४ टक्क्यांवर आले. ज्या रुग्णाला डॉक्टरांनी ८८ ते ९२ ही मर्यादा दिली आहे, त्याच्या घरात ती भिंतीवर लिहून ठेवावी.

यंत्र कपाटात जाण्याची कारणं बहुतेक साधी असतात. मास्क चुकीच्या मापाचा असतो. दात पडलेल्या, गाल आत गेलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाशी तो बसत नाही. दाढी-मिशांतूनही हवा गळते, डोळ्यांवर येते, झोप मोडते. मग पट्टे आवळले जातात आणि नाकावर जखम होते. उपाय पट्टे आवळण्यात नसून माप बदलण्यात असतो. पहिल्या आठवड्यात दिवसा जागेपणी, बसून, अर्धा-अर्धा तास मास्क लावून सराव केला तर गुदमरल्याची भीती ओसरते.

आपल्या हवामानाची भर वेगळीच. मार्च ते मे कोरडी हवा घसा सुकवते, म्हणून आर्द्रता देणारी टाकी लागते आणि तिच्यात शुद्ध केलेलं डिस्टिल्ड पाणी रोज नवं भरावं लागतं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात साठवणीचं पाणी त्यात जाण्याचा मोह होतो. तो टाळायलाच हवा. धुळीच्या दिवसांत फिल्टर लवकर काळा पडतो. विजेबद्दल मात्र भीती जास्त आणि अडचण कमी आहे. टाकीचा हीटर बंद ठेवला तर सीपॅपला साधारण ३० ते ६० वॉट पुरतात, म्हणजे घरातला चांगल्या बॅटरीचा इन्व्हर्टर रात्र काढतो. कॉन्सन्ट्रेटरला ३०० वॉटच्या पुढे लागतात. डीपी जळून गाव अंधारात जातं तेव्हा खरी पंचाईत त्याची होते, आणि त्यासाठी घरात भरलेला सिलिंडर ठेवावा लागतो.

जुनी यंत्रंही हातोहात विकली जातात. २०२१ च्या जूनमध्ये फिलिप्सने जगभरातली लाखो सीपॅप-बायपॅप यंत्रं परत बोलावली, कारण आवाज दाबणारा आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याची शक्यता होती. म्हणून जुनं यंत्र घेताना मॉडेल तपासावं आणि दाब डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावा.

पैसा आणि २०२१ चा धडा

सीपॅपची किंमत साधारण तीस-चाळीस हजारांपासून सुरू होते, बायपॅप त्याहून महाग, आणि मास्क, नळी, फिल्टर पुन्हा पुन्हा लागतात. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या उपचारावर बेतलेली आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सीजीएचएसमधून यंत्राचे पैसे ठरावीक मर्यादेत परत मिळतात. शेतमजुराला तशी वाट नाही. वॉर्डात बायपॅप लावून वाचवलेला माणूस घरच्या यंत्राअभावी वारंवार दाखल होत राहतो, तेव्हा सरकारचा आणि घराचा दोघांचाही पैसा जातो.

फक्त यंत्रं वाटून हे सुटणार नाही, याची साक्ष छत्रपती संभाजीनगरनेच दिली आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत केंद्राकडून घाटीला १५० व्हेंटिलेटर आले. वापरायला काढलेली ११३ यंत्रं सदोष असल्याचा अहवाल मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला. हाताळणाऱ्यांना नीट प्रशिक्षण नव्हतं, अशी केंद्राची बाजू होती. खंडपीठाने तिच्यावर कडक शब्दांत नापसंती नोंदवली. वाद कुणाचा खरा ठरो, रुग्णाच्या दृष्टीने एक गोष्ट उरते. दाब मोजणारा माणूस, दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ आणि शिकलेली परिचारिका यांची सोय आधी लावली नाही, तर यंत्राचा आकडा नुसता कागदावर राहतो.

पुढची कामं

यासाठी नवं रुग्णालय बांधायची गरज नाही. बायपॅप लागलेल्या प्रत्येक सीओपीडी रुग्णाला सुट्टीच्या वेळीच दोन ते चार आठवड्यांनंतरची तारीख द्यावी आणि त्या दिवशी रक्तातले वायू मोजावेत. कार्बन डायऑक्साइड वाढलेलाच असेल तर घरी यंत्र, उतरला असेल तर नको. घोरणारा, जाड मानेचा किंवा दिवसा पेंगणारा रुग्ण असेल तर घरी करता येणारी झोपेची चाचणी करावी. टोरंटोच्या फ्रान्सिस चुंग यांनी २००८ मध्ये मांडलेली 'स्टॉप-बँग' ही आठ प्रश्नांची चाचणी तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही दोन मिनिटांत होते. मात्र सीओपीडी बळावलेला असेल, तर घरच्या चाचणीवर न थांबता रात्रभराची पूर्ण तपासणी लागते.

दुसरं काम यंत्रांच्या पेढीचं. शासकीय महाविद्यालयाने अनामत घेऊन यंत्र वापरायला द्यावं, दोन महिन्यांनी त्याच्यातल्या नोंदी वाचाव्यात. रोज रात्री किमान चार तास वापर असेल तर ते त्याच रुग्णाकडे राहू द्यावं. नसेल तर आधी मास्क आणि दाब बदलून पाहावा, मग यंत्र पुढच्याला द्यावं. आशाताईंना मास्क धुणं, फिल्टर बदलणं आणि गुंगीची लक्षणं ओळखणं शिकवता येतं. तिसरं, फुले योजनेत घरच्या बायपॅपचा समावेश व्हावा, पण पुन्हा केलेल्या रक्ततपासणीच्या अटीवर. ही अट असेल तरच पैसा योग्य माणसापर्यंत जाईल.

यंत्राखेरीजचे उपायही सोडू नयेत. बिडी-तंबाखू सोडणं, फ्लूची लस, चुलीऐवजी गॅस, चालण्याचा आणि श्वासाचा व्यायाम, पंप वापरण्याची बरोबर पद्धत हे सगळं सीओपीडीत आधी येतं. स्लीप अॅप्नियात वजन उतरवल्याने अडथळे कमी होतात; लठ्ठपणासह हा आजार असलेल्यांसाठी अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपटाइड या औषधाला मान्यता दिली, तरी किमतीमुळे ते इथल्या थोड्याच रुग्णांच्या आवाक्यात आहे.

'एकदा मशीन लागलं की सवय लागते' आणि 'मशीन म्हणजे शेवट' ही दोन वाक्यं घाटीच्या आवारात कानावर पडतात. दोन्ही चुकीची आहेत, आणि ती खोडण्याची जबाबदारी डॉक्टरांइतकीच आपल्या सर्वांची आहे. चष्मा वापरणाऱ्याच्या डोळ्यांना कुणी व्यसनी म्हणत नाही. वॉर्डात काही तासांत गुंगी उतरवणारा उपचार आपल्या हाती आहे, कुणाला द्यावा हे ठरवणारी तपासणी आहे, तो कसा टिकवावा याचं ज्ञानही आहे. राहिलं आहे ते सुट्टीच्या कागदावर पुढची तारीख लिहिणं, आणि त्या तारखेला रुग्ण आला नाही तर त्याच्या घरी फोन करणं. मराठवाड्यातल्या प्रत्येक शासकीय रुग्णालयाने या हिवाळ्यापासून एवढं केलं, तरी पुढच्या थंडीत तीच माणसं पुन्हा त्याच खाटांवर येण्याचं प्रमाण घटेल.